दादांची काळी चार

रॉक बँडमध्ये गाणाऱ्याला चेहरा असतो, गिटारवाल्याला केस असतात, ड्रमवाल्याला घाम असतो. कीबोर्डवाल्याला नुसता स्टँड असतो. स्टेजच्या कडेला, जिथं दिव्यांचा उजेड पोचता पोचता दमून जातो, तिथं तो उभा. 'सिंगल फेज' या बँडचं पहिलं पोस्टर निघालं, तेव्हा त्यात सिद्धोधनचा डावा खांदा आणि अर्धा कान तेवढा आला होता. पण ताडकळसला त्याच्या वडिलांनी तेच पोस्टर बैठकीत चिकटवलं आणि येईल त्याला बोट ठेवून दाखवलं, "ह्यो कान आमच्या सिद्धूचा हाय."

कौतुक करणारा बाप मिळावा तर असा. पण त्या कौतुकाची परतफेड सिद्धोधननं कशी केली, ते ऐकलं तर कुणाला त्याचा राग येईल आणि कुणाला कीव. मला दोन्ही येतं.

बँड जमला तो पुण्यात. सिद्धोधन डिप्लोमाला गेला होता. हॉस्टेलच्या शेजारच्या खोलीत परभणी शहराचा शिवप्रसाद गिटार घेऊन बसायचा आणि अभ्यास सोडून बाकी सगळं करायचा. दोघांनी मिळून एक ड्रमवाला आणि एक बास वाजवणारा गाठला. नाव शिवप्रसादनंच ठेवलं. गावाकडं शेतात लाइट येते ती बहुतेकदा सिंगल फेज. तिच्यावर मोटार चालत नाही, बल्ब तेवढा लागतो. "आपलं बी तसंच हाय," शिवप्रसाद म्हणाला, "मोटार चालणार न्हाई, पण उजेड पडंल." गाणी आपल्याच बोलीतली, वाजवणं मात्र विलायती. पुण्याच्या पोरांना अर्धे शब्द कळायचे नाहीत, तरी ती नाचायची.

पहिल्याच तालमीत सिद्धोधनची फजिती झाली. त्याला वाजवता सगळं यायचं, पण एकाच पट्टीत. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात, गायन पार्टीत आमच्याकडची बहुतेक पोरं तशीच शिकतात. बोटं एका जागी बसवून घ्यायची आणि गाणाऱ्याचा गळा बदलला की कीबोर्डवरचं ट्रान्सपोजचं बटण दाबायचं. बोटं तिथंच राहतात, सूर तेवढा वर-खाली होतो. शिवप्रसादनं ते पाहिलं आणि पोट धरधरून हसला. "आरं, हे म्हंजी सायकल स्टँडवर लावून पायडल मारायलास तू!" सिद्धोधनला ते फार लागलं. वर्षभर तो पहाटे उठून सगळ्या पट्ट्या घोटत बसला, हॉस्टेलभर शिव्या खाल्ल्या, आणि ते बटण त्याच्यापुरतं मेलं. निदान पुण्यात तरी मेलं.

पुढची वर्षं सगळ्या बँडांची जातात तशीच गेली. कॉलेजांची गॅदरिंग, हॉटेलांतले शनिवार, कुणाच्या तरी टेम्पोत सामानावर बसून केलेला प्रवास. दिवसा सिद्धोधन सोसायट्यांमधल्या लेकरांना कीबोर्ड शिकवायचा. मग त्यांचं एक गाणं मोबाइलवर गाजलं. गाजली ती खरं तर त्याच्या सुरुवातीची कीबोर्डची चाल. सिद्धोधननं ती गायन पार्टीतल्या पेटीच्या ढंगानं बांधली होती, घसरत-लचकत वर जाणारी. रिक्षावाले ती शिट्टीवर वाजवायचे. आणि कार्यक्रमाला आलेली माणसं सिद्धोधनलाच विचारायची, "भाऊ, साउंडवाले कुठं भेटतील?" तो त्यांना साउंडवाला दाखवायचा. चाल आपली आहे, हे सांगत बसण्याचा त्याचा स्वभावच नव्हता. तो वडिलांवर गेला नव्हता, एवढं खरं.

कारण वडील सांगण्यात उस्ताद. दत्तराव ताडकळसच्या एका शाळेत शिपाई होते, पण ते झालं पोटापुरतं. खरी ओळख 'दत्तराव आणि पार्टी'. चौदा एप्रिलला बाबासाहेबांची जयंती सुरू झाली की मे संपेपर्यंत गावोगाव त्यांच्या भीमगीतांचे कार्यक्रम. पालम, राणीसावरगाव, पूर्णेकडची खेडी. एका रात्रीत दोन गावं करून सकाळी शाळेची घंटा द्यायला हजर. घरात त्यांना सगळे दादा म्हणायचे, मग गावही म्हणायला लागलं. दादा उभं राहून गायचे, डावा हात कानावर, उजवा वर आभाळात. पेटीला त्यांनी कधी हात लावला नाही. पेटीवर त्यांचा भाऊ असायचा; तो वारला आणि ती जागा सिद्धोधनकडं आली, पेटीचा कीबोर्ड झाला. ढोलकीवर मात्र पहिल्यापासून किशनराव, दादांचे बालमित्र, बोलायला महाग आणि हाताला गोड.

आणि दादांची पट्टी काळी चार. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मोजून गाणारा कुठून गातो ते सांगतात. बाप्या माणसाचा गळा बहुधा काळी एकवर खूश असतो. काळी चार फार वरची. तिच्या एक पायरी खाली पांढरी पाच, तिच्याखाली काळी तीन, मग पांढरी चार. काळी चारला अंतरा उचलताना भल्याभल्यांच्या मानेच्या शिरा फुगतात. दादांच्या फुगत नसत. माणसं कुणी पगार सांगतं, कुणी जमीन सांगतं. दादा पट्टी सांगायचे. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाचं गाव-नाव विचारून झालं की लगेच, "आपन काळी चारला गातो." तो बिचारा हवामान सांगितल्यासारखं 'हो का' म्हणायचा. सिद्धोधनची आई कुसुमबाई पदराआड हसायच्या. "आवं, त्याला काय कळतंय काळी का पांढरी!" "न कळू दे," दादा म्हणायचे, "सांगायचं आपलं काम हाय."

दादांनी साठी ओलांडली त्या वर्षी हे सगळं सुरू झालं.

राणीसावरगावचा कार्यक्रम होता. दादांचं स्वतः रचलेलं एक गाणं होतं, चवदार तळ्याच्या पाण्याचं. त्याच्या अंतऱ्यात 'पाणी' हा शब्द वर वर चढत जातो आणि टोकाला जाऊन थांबतो. लोक त्या एका जागेसाठी बसून राहायचे. त्या दिवशी तिथं दादांचा आवाज खरडला. लोकांनी सांभाळून घेतलं, टाळ्याही दिल्या. पण घरी आल्यावर दादा जेवले नाहीत. "थंड पाणी पिलो व्हतो जरा," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडं तोंड करून निजले.

दोन दिवसांनी गावातलाच कार्यक्रम. दादा माइकपाशी जाऊन उभे राहिले, पाठमोरे. सिद्धोधनचा हात आपोआप त्या मेलेल्या बटणाकडं गेला. एकदाच दाबलं. बोटं काळी चारवरच ठेवली. सूर निघाला पांढरी पाचचा. आता ढोलकी गाणाऱ्याच्या सुराला लावलेली असते. किशनरावांनी एक थाप मारली आणि ते थबकले. त्यांनी सिद्धोधनकडं पाहिलं, दादांच्या पाठीकडं पाहिलं. मग खिशातली हातोडी काढली, दोरीतल्या कड्या ठोकून ढोलकी गुमान खाली उतरवली आणि ठेका धरला. त्या विषयावर दोघांत पुढं कधी एक शब्द झाला नाही.

'पाणी' टोकाला गेलं आणि तिथं असं उभं राहिलं, की बायकांच्या बाजूनंही शिट्टी आली. घरी दादांनी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. "आवाज अजून हाय, कुसूम," ते म्हणाले, आणि लहान लेकरासारखे सगळ्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या तोंडाला 'दादा, पट्टी उतरवली होती' असं कोण सांगेल? तुम्ही सांगितलं असतं का?

कुणी म्हणेल, इतका कसलेला गवई, त्याला कळलं कसं नाही? एक पायरी उतरली तर गाण्याचा चेहरा बदलत नाही, सगळंच सोबत उतरतं. फरक कळतो तो फक्त गळ्याला, आणि गळा खूश असला की तो तक्रार करत नाही. शिवाय दादा वळून बघायचे ते बोटांकडं. बोटं आपली काळी चारवर इमानदार. मनाला हवं तेच कानाला ऐकू येतं, त्याला दादा तरी काय करणार.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत सिद्धोधननं ती झाकून धरली. काही वर्षांनी एकाच्या जागी दोनदा बटण दाबावं लागलं, मग तीनदा. पुण्यात खरं वाजवायचं आणि घरी येऊन खोटं, हा त्याचा नेमच झाला. कार्यक्रमात लाइट गेली आणि परत आली की त्या कीबोर्डचं ट्रान्सपोज शून्यावर यायचं. मग तो बोटं ठेवायच्या आधी तीनदा टकटक करायचा, डोळा मारावा इतक्या सहज. बँडचे किती का कार्यक्रम असेनात, एप्रिलात तो घरी येणारच. शिवप्रसाद वैतागायचा. "आरं, दुसरा कुनी वाजवंल की दादांना!" सिद्धोधन म्हणायचा, "दुसऱ्याला जमायचं न्हाई." शिवप्रसादला तो गर्व वाटायचा. ती भीती होती.

मधल्या काळात कुसुमबाई आजारी पडल्या आणि गेल्या. परभणीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, तेव्हा बँड गोव्याला होता. सिद्धोधन पोचला तोवर अंगणात माणसं जमली होती. दादांनी त्याला एका शब्दानं विचारलं नाही, की कुठं होतास. त्या वर्षीही त्यांनी जयंतीचा एकही कार्यक्रम सोडला नाही. उलट आवाज आणखीच खुलला, असं लोक म्हणाले. तीनदा दाबलेलं बटण लोकांना कुठं दिसत होतं?

आणि मग गेल्या एप्रिलात बंगलोरच्या एका मोठ्या संगीत महोत्सवानं 'सिंगल फेज'ला बोलावलं. तारीख नेमकी ताडकळसच्या कार्यक्रमाची.

सिद्धोधननं नाही म्हणायचं ठरवलं होतं. फोनवर तसं सांगितलंही. तर दादाच चिडले. "याड लागलंय का तुला? बोलावल्या जागी जात न्हाई त्यो कसला कलाकार? आरं, मी आजारी लेकरू टाकून गायला गेलेला मानूस हाय, तवा तूच तापानं फणफणलेला व्हतास. जा तू. आमी बघतो इथलं."

जायची इच्छा त्याला नव्हती असं नाही. फार होती. आयुष्यभर कडेला उभं राहिलेल्या माणसाला एकदा मोठ्या स्टेजच्या कडेला उभं राहावंसं वाटलं, तर त्यात चूक काय? त्यानं पालमच्या बन्सीधरला गाठलं. बन्सीधर लग्नाच्या बँडमध्ये वाजवायचा, हात चांगला, माणूस चांगला. सिद्धोधननं आपला घरचा कीबोर्ड त्याला वापरायला सांगितला आणि फोनवर सगळं समजावलं. बोटं काळी चारवर, ट्रान्सपोज वजा तीन, दादांना कळू द्यायचं नाही. "भाऊ, मह्या गळ्याची शपथ," बन्सीधर म्हणाला. किशनराव सोबत होतेच. लाइटचं तेवढं सांगायचं राहिलं. ते सिद्धोधनची बोटं करायची. तोंडाला कधी सांगावं लागलं नव्हतं.

पुढचं त्याला किशनरावांनी सांगितलं. आयुष्यात ते एवढं सलग कधी बोलले नसतील.

दिवेलागणीची वेळ. विहारापुढचा मंडप भरलेला. पहिली गाणी झकास झाली. बन्सीधरनं चोख वाजवलं. मग चवदार तळ्याचं गाणं सुरू होणार, तेवढ्यात लाइट गेली. थोड्या वेळानं आली, माणसांनी हुर्रे केलं. कुणीतरी ओरडलं, "दादा, पाणी!" दादा हसले, कानावर हात ठेवला आणि बन्सीधरला म्हणाले, "दे सूर." बन्सीधरनं बोटं ठेवली. सूर निघाला खरीखुरी काळी चार.

किशनरावांना पहिल्या थापेलाच कळलं. त्यांनी बन्सीधरकडं डोळे वटारले, मान हलवली, ढोलकी मुद्दाम चुकीची वाजवली. पोरगं गोंधळलं. आणि दादांनी तर सूर उचललाही होता. मुखडा त्यांनी कसाबसा ओढला. गळ्याला ताण पडतोय हे त्यांना कळत होतं, पण ते समजले आज आपलंच काही बिनसलंय, आणि त्यांनी जोर लावला. अंतरा आला. 'पाणी' वर निघालं आणि मधेच फाटलं.

दादा म्हणाले, "पुन्यांदा." पुन्हा उचललं, पुन्हा फाटलं. मागं कुणीतरी हसलं. कुणी दयाळू माणूस म्हणाला, "राहू द्या दादा, बसा आता." तो दयाळू माणूस हसणाऱ्यापेक्षा वाईट. दादांनी तिसऱ्यांदा कानावर हात ठेवला. आणि घाबरून गेलेल्या बन्सीधरला तेव्हा आठवलं. त्यानं सूर धरून ठेवलेला असतानाच घाईघाईनं बटण दाबलं. एक, दोन, तीन. सगळ्या मंडपाला ऐकू आलं, सूर जिना उतरल्यासारखा तीन पायऱ्या खाली आला.

दादा वळले. त्यांनी बन्सीधरच्या बोटांकडं पाहिलं. बोटं काळी चारवरच होती.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. ज्या माणसानं जन्म सुरात काढला, त्याला आणखी काय सांगायला पाहिजे? त्यांनी किशनरावांकडं पाहिलं. किशनराव ढोलकीकडं बघत राहिले. दादांनी माइक खाली ठेवला, मंडपाला हात जोडून 'जय भीम' म्हणाले आणि चपला न घालताच घरी गेले.

त्याच वेळी बंगलोरला हजारो माणसं सिद्धोधनची ती लचकत जाणारी चाल तोंडानं गात होती. शिवप्रसादनं गिटार थांबवली, हात लांबवून कडेला दाखवलं, आणि पहिल्यांदा दिव्याचा झोत सिद्धोधनवर आला. तो डोळे किलकिले करून हसला. त्या हसण्याचा फोटो आहे. तो फोटो त्याला आजही बघवत नाही.

पूर्णेला रेल्वेनं उतरून तो ताडकळसला आला, तेव्हा दुपार होती. दादा चुलीपुढं बसून भाकरी थापत होते. कुसुमबाई गेल्यापासून ते शिकले होते. भाकरीला अजून गोल आकार यायचा नाही.

"हात धू," दादा म्हणाले. "जेव."

दोघं जेवले. ताटं बाजूला सरल्यावर दादांनी विचारलं, "कवापासून?"

"राणीसावरगावच्या कार्यक्रमापासून," सिद्धोधन म्हणाला. "तिथं आवाज फाटला व्हता बगा. त्याच्यानंतर."

दादांनी मान हलवली. रागावले असते, हाताला लागेल ते फेकून मारलं असतं, तर सिद्धोधनला सोपं गेलं असतं. दादा रागावले नाहीत. हिशोबाला बसल्यासारखं एकेक आठवून विचारायला लागले.

"तवा गावात बायायची शिट्टी आलती. ती?"

"पांढरी पाच, दादा."

"पालमला पोरांनी खांद्यावर घेतलं व्हतं मला. फेटा बांधला व्हता."

"काळी तीन."

"अन् परभनीचा मुकाबला? त्यो नांदेडकडचा गवई, तरुन पोरगा. लय चांगला गायला. मी त्याला माइकवरून म्हणलो व्हतो, बाबा, आदी काळी चारला ये, मंग माझ्याम्होरं उभा ऱ्हा. त्यानं पाया धरले व्हते माझे."

सिद्धोधन उष्ट्या हाताची बोटं चोळत राहिला.

"सांग."

"पांढरी चार."

दादा थोडं हसले. तसलं हसणं दुश्मनाच्या घरीही ऐकायला मिळू नये. "त्यो काळी तीनला गायला व्हता, सिद्धू. म्हंजी माझ्यापरीस वर. अन् मी त्याला पाया धरू दिले."

"दादा, तुमाला वाईट वाटंल म्हणून…"

"वाटलं असतं," दादा म्हणाले. "दोन दिस जेवलो नसतो. मंग उठलो असतो अन् काळी एकला गायलो असतो. म्हाताऱ्या मानसाचं गानं म्हातारं असतंय, लोक ऐकत्यात. तेला बी एक गोडी असती. आता कुठं ती गोडी यायची व्हती मला." त्यांनी ताटाच्या कडेला चिकटलेलं पीठ नखानं खरवडलं. "तू मला म्हातारंच होऊ दिलं न्हाईस."

सिद्धोधन रडायला लागला. पस्तिशी उलटलेला माणूस, बापापुढं उष्ट्या हातानं रडत बसला. दादांनी त्याला रडू दिलं. पाण्याचा तांब्या पुढं सरकवला. मग ते वेगळ्याच आवाजात म्हणाले, "तुझी आई जायच्या आदल्या दिशी मला म्हणली, तळ्याचं गानं म्हणा. तू गोव्याला व्हतास. किशन बी गावाला गेल्ता. पेटी न्हाई, ढोलकी न्हाई, काईच न्हाई. मी तिच्या बाजंच्या कडंला बसलो अन् म्हणलो. 'पाणी' असं वर गेलं, सिद्धू, अजाबात तरास झाला न्हाई. ती डोळे मिटून पडली व्हती. म्हणली, आज लय गोड म्हणलात." दादांनी त्याच्याकडं पाहिलं. इतक्या वेळात पहिल्यांदा सरळ पाहिलं. "तवा तर तू नव्हतास ना?"

"नव्हतो, दादा. तिथं कुणीच नव्हतं. ते सगळं तुमचंच."

दादांनी मोठा श्वास सोडला. "मंग ती कोनती पट्टी आसंल?"

इथं मुलानं उत्तर द्यायला हवं होतं. दिलं ते वाजवणाऱ्यानं. सिद्धोधन डोळे पुसत, बापाच्या काहीतरी उपयोगी पडण्याच्या नादात पटकन म्हणाला, "आत्ता म्हणा ना तसंच, बसून. मी ऐकून सांगतो."

दादांचे ओठ हलल्यासारखे झाले. मग त्यांनी मान हलवली.

"नगं," ते म्हणाले. "तू वळखशील. मंग तेबी जाईल."

त्यांनी दोघांची ताटं उचलली आणि मोरीत नेऊन घासायला बसले.

पार्टी तिथंच संपली. किशनरावांनी ढोलकी खुंटीला टांगली ती टांगलीच. बन्सीधर पुन्हा पुन्हा येऊन माफी मागून गेला, दादांनी त्याला चहा पाजला आणि म्हणाले, "तुझा काय गुन्हा, बाबा." 'सिंगल फेज'चं मात्र बरं चाललं आहे. पोस्टरवर आता सिद्धोधनचा पूर्ण चेहरा येतो. दादा तेही भिंतीला लावतात, पण बोट ठेवून कुणाला दाखवत नाहीत. सिद्धोधन महिन्याआड घरी येतो. दादा त्याच्याशी सगळं बोलतात. कुणाचं लग्न जमलं, कोणती बोअर आटली, पूर्णेची गाडी हल्ली किती लेट असते. ते त्याला तोडून बोलत नाहीत, जेवायला आग्रह करतात, निघताना शेंगाच्या चटणीचा डबा देतात. गाण्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात.

एकदा शेजारच्या सुलाबाई त्याला कुंपणापाशी भेटल्या. त्यांना आतलं काही ठाऊक नव्हतं. "दादाचं गानं चालू झालं बरं का," त्या खुशीत म्हणाल्या. "रोज सकाळी झाडांना पानी घालताना म्हणत्यात. आमी आंगनात बसून ऐकतो. पन तू आलास की बंद करत्यात बग. पोराला लाजत्यात की काय?"

"लाजत असतील," सिद्धोधन म्हणाला.

त्या खेपेला तो चार दिवस राहिला. चारही सकाळी दादांनी झाडांना मुकाट्यानं पाणी घातलं. पाचव्या दिवशी तो बॅग घेऊन निघाला, बसस्टँडवर पोचला आणि त्याला आठवलं, मोबाइलचा चार्जर भिंतीलाच राहिला. गाडीला अवकाश होता. तो परत आला. शेजारच्या अंगणात सुलाबाई भांडी घासता घासता थांबून घराकडं कान देऊन बसल्या होत्या. घराच्या मागच्या भिंतीपलीकडून आवाज येत होता.

बारीक, थकलेला, कडेला जरा झिजलेला आवाज. मुखडा संपत आला होता. सिद्धोधन भिंतीला हात लावून उभा राहिला. त्याला वाटलं, दादा म्हणाले होते ती गोडी हीच. ती आली होती. कुणाच्याही बटणाशिवाय आली होती आणि सुलाबाईंना रोज ऐकायला मिळत होती.

मग त्याचा कान कामाला लागला. त्याला थांबवायचं होतं, पण तो कान कष्टानं कमावलेला, हॉस्टेलच्या शिव्या खाऊन तयार केलेला. तो थोडाच ऐकतो. तो सूर चाचपायला लागला. काळी दोन नसावी. पांढरी दोन? की त्याच्याही खाली…

अजून नक्की झालं नव्हतं. दादांनी अंतऱ्यासाठी दम घेतला. सिद्धोधननं दोन्ही हातांनी कान दाबून धरले आणि तो बसस्टँडकडं धावत सुटला. सुलाबाई हातातलं भांडं तसंच धरून त्याच्याकडं बघत राहिल्या. 'पाणी' कुठवर गेलं, ते त्यानं ऐकलं नाही.